रद्द झालेल्या सहलीचं ट्रॅव्हल क्रेडिट: कुठे, कसं आणि कधी वापरायचं

निघायला चार दिवस उरले असताना सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. सहल रद्द. पुढच्या दोन दिवसांत माझ्या इनबॉक्समध्ये सात ईमेल आले. पाच जणांच्या तिकिटांचे पाच, हॉटेलचा एक, आणि जादा सामानासाठी आधीच भरलेल्या पैशांचा एक. मजकूर थोड्याफार फरकानं तोच: तुमची रक्कम क्रेडिट म्हणून जमा केली आहे. चला, पैसे तरी बुडाले नाहीत, म्हणून मी हुश्श केलं.

ते हुश्श जरा लवकरच झालं. क्रेडिट म्हणजे त्याच कंपनीकडे पुढच्या बुकिंगसाठी जमा राहिलेली रक्कम, हातातले शिल्लक पैसे नव्हेत. त्यावर नाव असतं, तारीख असते, अटी असतात, आणि लिहिलेल्या आकड्याइतकी त्याची किंमत आपल्याला दर वेळी मिळतेच असं नाही. ते वापरायचं कसं हे ठरवताना मी ज्या क्रमानं गेले (आणि ज्या क्रमानं जायला हवं होतं), तो असा.

पायरी १: क्रेडिट घेणं भाग आहे का, ते आधी बघा

सगळ्यात पहिला प्रश्न, सहल रद्द कुणी केली? तुम्ही की कंपनीनं?

उड्डाण कंपनीनं रद्द केलं असेल, तर बऱ्याच ठिकाणी पैसे परत मागण्याचा हक्क तुमचा असतो आणि क्रेडिट हा फक्त एक पर्याय असतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीनुसार रोख परताव्याऐवजी व्हाउचर द्यायचं, तर प्रवाशाची सही असलेली संमती लागते. अमेरिकेच्या परिवहन खात्यानं २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार, कंपनीनं उड्डाण रद्द केलं आणि प्रवाशानं दुसरा पर्याय स्वीकारला नाही, तर परतावा आपोआप द्यावा लागतो: क्रेडिट कार्डानं पैसे भरले असतील तर कामकाजाच्या ७ दिवसांत, इतर मार्गांनी भरले असतील तर २० दिवसांत. भारतात डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाचा) नियम सांगतो, की परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये (कंपनीकडच्या जमा खात्यात) ठेवायची की नाही हे प्रवाशानं ठरवायचं, कंपनीनं परस्पर तसं करायचं नाही.

तरीही ईमेलमध्ये 'क्रेडिट स्वीकारा' हे बटण मोठं आणि रंगीत असतं, आणि 'परतावा मागा' हे खाली बारीक अक्षरात. ते मोठं बटण दाबलं की तुम्ही संमती दिली असं धरलं जाऊ शकतं. म्हणून पहिले दोन दिवस काहीही दाबू नका, फक्त वाचा.

सहल तुम्हीच रद्द केली असेल, आमच्यासारखी, तर हक्क बराच कमी होतो. तरी दोन गोष्टी विचाराव्यात. एक, तिकिटातले कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं का. मूळ भाडं परत न मिळणारं असलं, तरी हा भाग पुष्कळदा वेगळा निघतो. दुसरी, प्रवास विमा. आजारपण किंवा अपघात विम्यात बसत असेल, तर क्रेडिट स्वीकारण्याआधी विमा कंपनीशी बोला. क्रेडिट घेतलं की 'तुमचं नुकसान भरून निघालं' म्हणून दावा कमी होऊ शकतो किंवा नाकारलाही जाऊ शकतो. आमच्या घरात हा क्रम उलटा झाला. आधी क्रेडिट, मग विम्याला फोन. त्याची भरपाई अर्थातच शून्य.

पायरी २: एक तक्ता करा, आणि तो कंटाळा न करता पूर्ण भरा

ही पायरी रटाळ आहे. पण पुढचे सगळे निर्णय याच तक्त्यावर उभे राहतात. प्रत्येक क्रेडिटसाठी एक ओळ: कोड किंवा पीएनआर (बुकिंगचा क्रमांक), कुणाच्या नावावर, रक्कम, शेवटची तारीख, आणि अटी.

'शेवटची तारीख' हा रकाना दोन भागांत करा. काही क्रेडिटला त्या तारखेपर्यंत बुकिंग करायचं असतं, प्रवास नंतर कधीही चालतो. काहींना त्या तारखेच्या आत प्रवास सुरू व्हावा लागतो, काहींना पूर्णही व्हावा लागतो. ईमेलमध्ये नुसतं 'वैध: अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं, आणि आपण आपल्याला सोयीचा अर्थ घेऊन बसतो. विचारून घ्या.

मुदत मोजायला सुरुवात कुठून होते, हेही बघा. बऱ्याच तिकिटांची एक वर्षाची मुदत मूळ तिकीट काढल्याच्या दिवसापासून धरतात, रद्द केल्याच्या दिवसापासून नाही. जानेवारीत काढलेलं ऑक्टोबरचं तिकीट सप्टेंबरमध्ये रद्द केलं, तर 'एक वर्ष वैध' याचा अर्थ हातात जेमतेम चार महिने.

मग नाव. आम्ही पाच जणांचे पैसे एकाच कार्डावरून भरले होते, त्यामुळे क्रेडिटही एकत्र येईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पाचही क्रेडिट ज्याच्या-त्याच्या नावावर आली, आठ वर्षांच्या धाकट्याच्या नावावरसुद्धा. ती एकमेकांना देता येत नव्हती. म्हणजे सासूबाईंचं क्रेडिट फक्त सासूबाईंनीच विमानात बसून वापरायचं, आणि त्यांनी तर 'आता मला कुठे नेऊ नका' म्हणून जाहीर करून टाकलं होतं.

बाकीचे रकाने भराभर भरता येतात. क्रेडिट एकदाच वापरता येतं की तुकड्या-तुकड्यानं? उरलेली रक्कम पुढे राहते की बुडते? राहिली तर तिला नवी तारीख मिळते की जुनीच? त्यातून फक्त मूळ भाडं भरता येतं की कर, सीट आणि सामानही? वेबसाइटवर वापरता येतं की फोनच करावा लागतो? नवा प्रवासही रद्द झाला तर काय परत येतं?

ही उत्तरं शक्यतो चॅटवर किंवा ईमेलवर घ्या. फोनवर मला दोन दिवसांत दोन माणसांनी दोन वेगळ्या तारखा सांगितल्या, आणि दोघंही तितक्याच खात्रीनं बोलत होते. अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, कारण धोरणं बदलतात. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सनं २०२२ मध्ये आपल्या फ्लाइट क्रेडिटची मुदत कधीच संपणार नाही असं जाहीर केलं होतं. २८ मे २०२५ पासून काढलेल्या तिकिटांच्या क्रेडिटला मात्र पुन्हा मुदत लागू झाली. त्यामुळे नियम बघायचा तो आपलं तिकीट काढलं त्या दिवसाचा.

पायरी ३: कंपनी टिकेल का?

क्रेडिट हातात ठेवणं म्हणजे कंपनीला बिनव्याजी उसने पैसे देणं. ती बुडाली तर तुम्ही इतर धनकोंच्या रांगेत, तेही बरंच मागे. जेट एअरवेजनं १७ एप्रिल २०१९ ला उड्डाणं थांबवली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनची थॉमस कुक बंद पडली, आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टची विमानं जमिनीवर आली. दर वेळी आगाऊ पैसे भरलेले लोक अडकले. कंपनीबद्दल पगार थकल्याच्या, विमानं परत घेतल्याच्या, मार्ग एकापाठोपाठ बंद केल्याच्या बातम्या येत असतील, तर पुढच्या पायऱ्यांवर फार रेंगाळू नका. जवळच्या तारखेचा, आपल्याला खरंच लागणारा प्रवास शोधा आणि क्रेडिट मोकळं करा.

पायरी ४: क्रेडिटची खरी किंमत काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. आकडे सोपे राहावेत म्हणून एकूण क्रेडिट ६० धरू. चलन तुमचं तुम्ही लावा.

समजा, एक प्रवास तुम्ही तसाही करणार होता आणि तिकिटाला ६० रोख मोजणार होता. तिथे क्रेडिट वापरलं तर त्याची किंमत पूर्ण ६०. तोच प्रवास दुसऱ्या कंपनीनं ४५ मध्ये होत असेल, तर क्रेडिटची किंमत ४५, कारण तुमची रोख तेवढीच वाचते.

आता दुसरा प्रसंग. 'क्रेडिट आहे ना, मग जाऊ या' म्हणून एक नवीच सहल ठरली. तिचा सगळा खर्च २००. त्यातले ६० क्रेडिटमधून, उरलेले १४० खिशातून. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, क्रेडिट नसतंच तर या सहलीसाठी आपण जास्तीत जास्त किती मोजले असते? उत्तर १५० असेल, तर क्रेडिटनं तुम्हाला फक्त १० चा फायदा करून दिला. उत्तर १२० असेल, तर ६० चं क्रेडिट वाचवायला तुम्ही २० पदरचे घातले. अशा वेळी क्रेडिट बुडू देणं स्वस्त पडतं. हे वाक्य पचायला जड आहे, मलाही गेलं. पण गणित तेच सांगतं.

जड का जातं, यावर १९८५ मध्ये हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग आपल्या विषयाला चपखल बसतो. लोकांना कल्पना करायला सांगितली, की तुम्ही मिशिगनच्या स्कीइंग सहलीचं १०० डॉलरचं तिकीट काढलंय आणि नंतर विस्कॉन्सिनच्या सहलीचं ५० डॉलरचं. विस्कॉन्सिनला जास्त मजा येईल असं तुम्हाला वाटतं. मग लक्षात येतं, की दोन्ही सहली एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि पैसे कशाचेच परत मिळणार नाहीत. कुठे जाल? निम्म्याहून जास्त लोकांनी मिशिगन निवडलं. मजा कमी, पण पैसे जास्त गेलेले. क्रेडिट वापरताना आपलं मन नेमकं असंच वागतं. गेलेल्या पैशाचा मान राखायला आपण नवे पैसे घालतो.

म्हणून घरात चर्चा सुरू करताना मी एक नियम केला. पहिली फेरी क्रेडिटचं नाव न काढता. येत्या वर्षात आपल्याला कुठे जायचंय आणि कुठे जावंच लागणार आहे, एवढंच लिहायचं. ती यादी झाल्यावर मग तक्ता काढायचा आणि कुठे काय बसतं ते बघायचं.

पायरी ५: घरच्यांना 'कुठे जायचं?' विचारू नका

'कुठे जायचं?' म्हटलं की दर वेळी सगळ्यात मोठा आवाज जिंकतो. आम्ही प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी दिली आणि विचारलं, रद्द झालेल्या सहलीतली कुठली गोष्ट हुकल्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं? मला खात्री होती की धाकटा 'समुद्र' लिहिणार. त्याच्या चिठ्ठीत होतं, 'हॉटेलातला वरचा बेड'. खोलीच्या फोटोत त्यानं दुमजली पलंग पाहिला होता आणि दोन महिने त्याच्या डोक्यात तेवढंच होतं. थोरलीला सहलीचं फारसं काही नव्हतं, मैत्रिणींना फोटो दाखवायचे राहिले एवढंच. नवऱ्यानं लिहिलं, 'चार दिवस फोन बंद'. सासूबाईंनी चिठ्ठी कोरीच दिली आणि वर म्हणाल्या, 'जिने नकोत.'

या चिठ्ठ्यांमधून एक गोष्ट स्पष्ट झाली: हुकलेलं बरंचसं विमानाशिवायही मिळण्यासारखं होतं. नाही तर तीच सहल जशीच्या तशी पुन्हा बुक करण्याच्या बेतात होते मी. तीच सहल पुन्हा करणं कधी योग्य? ठिकाण अजून सगळ्यांना हवं असेल, भाडं साधारण तेवढंच असेल, आणि ज्या कारणानं ती रद्द झाली ते कारण खरंच संपलं असेल, तेव्हा. सासूबाईंचं मनगट सहा आठवड्यांत जुळलं, पण चालताना त्यांना वाटणारी भीती काही गेली नाही. तीच सहल पुन्हा केली असती तर ती त्यांच्यासाठी शिक्षा झाली असती.

मुलांच्या वयाचा हिशेबही इथेच करा. विमानात दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं. परतीच्या प्रवासाआधी दोन वर्षं पूर्ण होत असतील तर त्याला सीट घ्यावी लागते, म्हणजे जुन्या क्रेडिटमध्ये जुना बेत बसत नाही. परदेशी जाणार असाल तर पासपोर्ट बघा. कित्येक देशांना सहा महिन्यांची शिल्लक वैधता लागते, आणि मुलांचे पासपोर्ट मोठ्यांपेक्षा कमी वर्षांसाठी मिळतात.

पायरी ६: क्रेडिट कंटाळवाण्या प्रवासाला, रोकड सहलीला

सहलीचं क्रेडिट सहलीवरच खर्चायचं, असं कुणी सांगितलंय? आम्हाला हे सुचायला चार महिने लागले. येत्या वर्षातल्या सक्तीच्या प्रवासांची यादी करा: नात्यातलं लग्न, मुलीच्या प्रवेशासाठीची फेरी, कामानिमित्तचं जाणं, दूरच्या आजारी माणसाला भेटणं. हे पैसे तसेही जाणारच असतात. तिथे क्रेडिट लावलं की वाचलेली रोख मोकळी होते, आणि मोकळ्या रोखीवर ना नाव असतं, ना तारीख. ती त्याच दिवशी सहलीच्या वेगळ्या खात्यात टाका. नाही तर ती महिन्याच्या खर्चात कधी विरघळली ते कळतही नाही.

कामाचा प्रवास असेल आणि खर्च ऑफिस परत देत असेल, तर क्रेडिटनं काढलेल्या तिकिटाचे पैसे मिळतात का हे आधी विचारा. काही ठिकाणी रोख भरल्याची पावतीच लागते.

हॉटेलचं क्रेडिट निराळं. त्यावर गर्दीच्या तारखांना बंदी असू शकते, पण दुसरीकडे तिथे निर्णय घेणारा माणूस फोनवर सापडतो. मॅनेजरशी नीट बोललं, तर नाव बदलून मिळणं, पाचऐवजी तीन रात्री आणि मोठी खोली, असं काहीतरी जमून जातं. विमान कंपनीच्या चॅटबॉटकडून ही अपेक्षा ठेवू नका.

क्रेडिट ऑनलाइन विकण्याचा मोह झाला तर अटी वाचा. पुष्कळ कंपन्यांच्या अटींत विक्रीला मनाई असते आणि लक्षात आल्यावर कोडच रद्द होतो. शिवाय अनोळखी माणसाला कोड पाठवला आणि पैसे आलेच नाहीत, तर तक्रार कुठे करणार?

पायरी ७: स्वतःची अलीकडची तारीख ठरवा

मुदत लांब असली की काम होत नाही. सुझॅन शू आणि आयलेट ग्नीझी यांच्या २०१० च्या अभ्यासात केक आणि पेयाची गिफ्ट व्हाउचर वाटली होती, काहींना तीन आठवड्यांची मुदत देऊन, काहींना दोन महिन्यांची. जास्त मुदतवाल्यांना आपण ते वापरूच अशी जास्त खात्री होती, पण प्रत्यक्षात त्यांच्यातल्या कमी लोकांनी ते वापरलं. केकची ही गत, तर पाच जणांच्या सुट्ट्या जुळवायच्या सहलीचं काय होईल!

मी साधा हिशेब ठेवते: उरलेल्या मुदतीचा अर्धा भाग संपायच्या आत बुकिंग. ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये, आणि तिच्या तीन आठवडे आधी एक आठवण. घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही तेच टाका.

पायरी ८: बुकिंगच्या दिवशी

आधी लॉगआउट करून, साधा ग्राहक म्हणून त्या तारखांचं एकूण भाडं बघा आणि लिहून ठेवा. मग लॉगइन करून क्रेडिट लावत पैसे भरायच्या पानापर्यंत जा, पण पैसे भरू नका. दोन्ही आकडे ताडून बघा. क्रेडिट ठरावीक प्रकारच्या तिकिटालाच चालत असेल, तर इथे लगेच उघड होतं.

एका बुकिंगमध्ये किती क्रेडिट लावता येतात ते बघा. आम्हाला एका वेळी दोनच लावता येत होती. म्हणून दोन-दोन जणांची दोन बुकिंग केली आणि मग कस्टमर केअरला सांगून दोन्ही पीएनआर एकमेकांशी जोडून घेतले. प्रत्येक बुकिंगमध्ये एक मोठं माणूस ठेवा. धाकटा आणि थोरली एकाच पीएनआरवर एकटे पडले, तर वेबसाइट तिथेच अडते.

क्रम असा ठेवा: ज्याची तारीख सगळ्यात आधी संपते ते क्रेडिट पहिलं. तारखा सारख्या असतील तर एकदाच वापरता येणारं आधी आणि ते शक्य तितकं पूर्ण संपेल अशा ठिकाणी. तुकड्यांत वापरता येणारं मागे ठेवा. वरचा फरक क्रेडिट कार्डानं भरा, म्हणजे सेवा मिळालीच नाही तर बँकेकडे चार्जबॅक (भरलेले पैसे परत वळवून घेणं) मागता येतो. क्रेडिटनं भरलेल्या भागाला ते संरक्षण बहुतेक वेळा नसतं. हॉटेल मात्र फुकट रद्द करता येणारंच घ्या. एकदा पोळल्यावर तेवढं तरी.

नवा विमा घेताना स्पष्ट विचारा, क्रेडिटनं काढलेल्या तिकिटाची रक्कम धरणार का? काही पॉलिसी फक्त रोख भरलेली रक्कम धरतात.

मुदत संपत आलीच असेल तर

संपायच्या आधी मागा, नंतर नाही. छोटा ईमेल, कारण एका ओळीत, डॉक्टरांचा कागद जोडलेला, आणि मागणी नेमकी: 'तीन महिने वाढवून मिळावेत' किंवा 'नाव बदलून मिळावं'. 'काहीतरी करा' याला उत्तर देणं कुणालाच जमत नाही. पहिल्यांदा नकार आला तर एकदा वरच्या पातळीवर पाठवा. दुसऱ्या नकारानंतर मी सोडून देते, त्यापुढे माझ्या वेळेचा हिशेब लागायला लागतो.

आमच्या सातांपैकी चौघांची तिकीट-क्रेडिट थोरलीच्या प्रवेशाच्या वेळी लागली. नाही तरी तिला सोडायला सगळे जाणारच होतो. वाचलेल्या रोखीतून आम्ही गाडीनं जाता येईल अशा एका ठिकाणी तीन दिवस राहिलो, सासूबाईंना तळमजल्यावरची खोली घेऊन. हॉटेल वेगळंच होतं, पण फोनवर दुमजली पलंग आहे ना हे मी दोनदा विचारून घेतलं होतं. मूळ हॉटेलचं क्रेडिट मॅनेजरनं नणंदेच्या नावावर करून दिलं. जादा सामानाच्या क्रेडिटमध्ये आता थोडेसेच पैसे उरले आहेत. सासूबाईंच्या तिकिटाच्या मुदतवाढीचा अर्ज दोनदा नाकारला गेला. तक्त्यात त्या ओळीपुढे मी 'सोडलं' असं लिहून ठेवलंय.